घडी

माझी वीस डॉलरची नोट
तिनं खिडकीतल्या उजेडाकडे धरली
आणि परत केली.
मधोमध घडीची रेघ होती, एवढंच.

बत्तीस वर्षं मी बँकेत जाळीच्या आत बसले.
तेलकट, हळद लागलेल्या,
कनवटीच्या घामानं मऊ पडलेल्या नोटा
काचेखालून मागे सरकवल्या:
चालणार नाही, पुढचे या.
आज मॉलम्याइनच्या धक्क्यावर, गेस्टहाउसात,
पहिल्यांदा जाळीच्या बाहेरून ऐकलं ते.
तेही चहाचा कप पुढे करत.

यांगॉनची बँक घेत नाही, ती म्हणाली,
तुटक इंग्रजीत, माझ्याहून बऱ्या.
कोरीच लागते. इस्त्रीची.
देश नुकता उघडलाय,
कुणाच्या खिशात राहून आलेलं त्याला काही नको.
डायरीतल्या पानांत जपलेली दुसरी नोट मी काढली.
ती तिनं वहीत ठेवली, दोन्ही हातांनी,
पिंपळपान ठेवावं तशी.

मग पाच कागदांत चार कार्बन.
पासपोर्ट नंबर, बापाचं नाव,
आलात कुठून, जाणार कुठे.
एक प्रत पोलिसांना, एक इमिग्रेशनला,
एक वॉर्डातल्या साहेबांना,
उरलेल्या दोन कुणाला
हे तिच्या सासूला ठाऊक होतं म्हणे.
"एकट्याच?"
एकटीच.
"मिस्टर?"
मी वर बोट केलं, तिथं पंखा होता.
तिनं समजायचं ते समजून
जोर देऊन लिहिलं, पाचव्या प्रतीपर्यंत उमटेल असं.

तुझं नाव काय, विचारलं
तर छातीवर हात ठेवून म्हणाली, "मी चान."
क्षणभर वाटलं, मराठीच बोलली.
मॉन लोकांत बाईच्या नावाआधी मी लागतं,
पुरुषाच्या आधी नाय.
भिंतीवरच्या फोटोतला पोरगा, नाय ओंग.
मला हसू फुटलं.
मग तिनं पुढचं सांगितलं.

आठ वर्षं झाली, पलीकडे थायलंडात,
महाछाईला कोळंबी सोलतो.
तीन पॅगोड्यांच्या खिंडीतून गेला, रात्रीचा,
एकाही कागदावर न चढता.
माझ्या पासपोर्टात तिच्या देशाचा शिक्का
अख्खं पान अडवून बसलेला.
मी तो मिटून पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी वीज गेली.
कुठल्या तरी बोटीचं इंजिन नदीवर खोकत राहिलं.
बाजारातून आणलेली थमीन मी मांडीवर घेऊन बसले होते,
कळेना, निऱ्या नाहीत, गाठ नाही, राहते कशी.
ती शिकवायला आली.
म्हटलं, थांब.
आमच्याकडे नव्या लुगड्याची घडी
आपली आपण मोडत नाहीत.
आधी बहिणीला देतात, मैत्रिणीला,
तिच्या अंगाला लागलं की मग आपलं.
निम्मं शब्दांत, निम्मं हातवाऱ्यांत,
ते तिला कसं पोचलं कोण जाणे.
तिनं नेसली. व्हरांडाभर चालून आली,
गालावरची थनाका वाळून तडकलेली,
कॉलेजातल्या पोरीसारखी एकदा गिरकी घेतली
आणि आत निघून गेली.

ट्रंकेची कडी वाजली.
डांबराच्या गोळ्यांचा वास आधी आला, मागून ती.
हातात लोंजी, पुरुषाची, लाल चौकड्यांची,
दुकानाची चिठ्ठी अजून टाचलेली.
मेणबत्तीजवळ धरली तेव्हा दिसलं,
घडीच्या रेघांवर लाल उडून
पांढरं पडत चाललं होतं.
किती सणांना काढली असेल,
नुसती ऊन दाखवायला.

मला वाटलं, आता माझी पाळी.
मी हात पुढे केला.

"नाय," ती म्हणाली.

नाव की नकार,
मी विचारलं नाही.