कोटेशन

या, बसा. त्या पिंपावर नको, ग्रीस आहे त्याला.
साहेब कुठायत म्हणून विचारू नका,
साहेब मीच. पावतीवर तेच नाव छापलंय,
वैजयंता दगडू लोहार, ओगलेवाडी,
स्टेशनच्या अलीकडे, उसाच्या ट्रॉल्या वळतात तिथं.

आधी हे बघा.
काउंटरवरचा हा तुकडा पेपरवेट नाही.
माझ्या तिसऱ्या किटचा ब्रॅकेट आहे.
सडावाघापूरच्या पठारावर तुटला,
जीप आडवी झाली, आतली माणसं वाचली,
एवढंच नशीब.
वेल्ड वरून सुरेख, माशाच्या खवल्यांसारखा,
आत लोखंड लोखंडाला मिळालंच नव्हतं.
हा दाखवल्याशिवाय मी किंमत सांगत नाही.
निम्मी गिऱ्हाइकं इथूनच उठतात.

तुम्ही बसलात. मग ऐका.

तुमच्या गाडीखाली आत्ता पाटे आहेत.
पाट्यांना मी नावं ठेवणार नाही, पाट्यांवरच वाढलो आम्ही.
आण्णा भट्टीत पाटा लाल करायचे, घणाखाली कमान द्यायचे,
तेलात बुडवला की वासानं गल्लीला कळायचं.
पाटा एकटाच सगळं करतो.
वजन पेलतो आणि एक्सलही जागेवर धरून ठेवतो,
वळताना, ब्रेक मारताना, मागून दहा टन ऊस ढकलत असताना.
म्हणून तो ताठ असतो,
आणि म्हणून एक दिवस मधोमध,
बोल्टच्या भोकाशीच तुटतो.
आण्णा गेले तेव्हा साठीचेही नव्हते.
असो.

किटमध्ये कामं वाटून देतो आम्ही.
वजन स्प्रिंगचं.
धरणं या चार दांड्यांचं :
खालच्या दोन रेटा सोसतात,
वरच्या दोन एक्सलला मान पिरगळू देत नाहीत.
टोकाला बुश. घट्ट धरायचं,
तरी हलायला जागा ठेवायची.
एक चाक धोंड्यावर चढलं की दुसरं खाली उतरतं,
जमीन शोधत,
अंधारात पायरी चाचपणाऱ्या पावलासारखं.
रस्ता गुळगुळीत होणार नाही.
होईल म्हणणारा दुसरंच काहीतरी विकतोय.
चाक जमीन सोडणार नाही,
मी एवढंच विकते.

गेल्या साली एक कोल्हापूरचे आले,
रोख मोजले, गाडी चमकवून नेली.
वर्षानं सर्व्हिसला आणली तर
दांड्यांवरचा माझा पिवळा रंग तसाच,
एक ओरखडा नाही.
कॉलेजच्या गेटवर उभी असते म्हणे.
धार लावून दिलेली विळी
कुणी शोभेला भिंतीवर टांगावी, तसं झालं मला.

आणि एक धोंडिराम झोरे,
कोयनेच्या वरच्या अंगाला आठ उंबऱ्यांची वस्ती,
दूध खाली आणतो, माणसं वर नेतो.
तो खुर्चीत बसलाच नाही.
तुकडा हातात घेतला, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला,
म्हणाला, "हितं थंड जोडलंय."
डिप्लोमाच्या तीन वर्षांत
इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.
पैसे निम्मेच होते.
म्हटलं, मागचं आत्ता घालू, पुढचं दिवाळीनंतर.
त्यानं विचारलं, "बाळंतीण बसली तर पाठीला लागंल का?"
मी आकडा लिहीत होते, तो अर्धाच राहिला.
लागेल, म्हटलं. पण गाडी कलंडणार नाही.
"मग बांधा," म्हणाला.

दिवाळी गेली, शिमगा गेला.
पुढचे पाटे अजून जुनेच आहेत त्याचे.
पालथं पडून बघितलं तेव्हा
आण्णांच्या हातचे निघाले,
कडेला त्यांचा वाकडा सात ठोकलेला.
मी काढ म्हणत नाही.
अधूनमधून फोन करते, नट आवळलेस का म्हणून.

तर तुमचं.
दोन्ही एक्सल, शॉक धरून, आकडा मागच्या पानावर.
जीएसटी वेगळा. आरटीओचं तुमचं तुम्ही बघायचं.
पाचशे किलोमीटरला परत आणायची,
सगळे नट मी स्वतः आवळणार, त्याचे पैसे नाहीत.

फक्त सांगा, गाडी कुठं जाते तुमची?
नाही, किती पळते ते नाही विचारलं.
कुठं.