फाटकाशी

कॉकेट नदीच्या वरच्या अंगाला
जानेवारीत उजाडतं साडेआठला, तेही कुरकुरत.
मी पागेतला दिवा लावते.
पाच डोकी दारांवरून बाहेर येतात.
सहावं येत नाही.
सहावं भिंतीकडे तोंड करून उभं,
जणू मी दुसऱ्याच कुणा घोडीचं दावं घेऊन आलेय.

ही टॅन्सी. वय एकवीस, रंग ओल्या विटेचा.
उन्हाळ्यात हिला आत आणायचं तर
बादलीत चंदी खुळखुळवत
अर्धा तास कुरणभर हिंडावं लागतं.
आता पुढचे दोन खूर उंबऱ्यावर रोवते
आणि बाहेरची हवा हुंगते,
नासलेलं दूध हुंगावं तशी.

मी झूल चढवते. जाड, निळी, दोनदा ठिगळ लावलेली.
पट्टा आवळायला वाकले की पोट फुगवते.
मी थांबते.
ती श्वास सोडते, मी आवळते.
बारा हिवाळे आम्ही एकमेकींना असंच फसवतोय.

"घोड्याला वारा लागतो," एडविन थर्लवेल म्हणायचे,
"बांधून ठेवलंत की आधी पाय धरतात, मग पोट,
मग डोकं."
कुणी न विचारता म्हणायचे, भर पावसात,
टोपीच्या कडेवरून पाणी गळत असताना.
घोडी त्यांची. पागा त्यांची.
माझ्या फक्त सकाळी, आणि बादल्या.

ऑक्टोबरात त्यांचा खुबा मोडला,
बर्फावर नव्हे, साध्या चिखलात, फाटकाशीच.
तेव्हापासून खिडकीतली खुर्ची,
गुडघ्यांवर चौकड्यांचं पांघरूण,
आणि रोज अकराला येणारी डिलिस, नर्स,
जी म्हणते, मिस्टर थर्लवेल, आज अंगणापर्यंत.
ते भिंतीकडे तोंड करतात.
मी काही बोलत नाही. पगार तेच देतात.

कुरण आता नावाला.
फाटकाजवळची माती खुरांनी कालवलेली,
कणकेत पाणी जास्त झाल्यासारखी.
पाच जण घसरत, फुरफुरत वर जातात,
कुंपणाच्या झुडपांशी, वाऱ्याकडे ढुंगण करून.
टॅन्सी आत शिरताच वळते,
छाती फाटकाला टेकवते,
आणि तिथंच.
वैरण वर पडलेली. ही जात नाही.
समुद्राकडून आलेला पाऊस आडवा,
शेपूट पायांत चिकटलेलं,
माझ्या प्रत्येक खेपेची डोळ्यांत नोंद.

तीनला नेते गं, मी सांगते. मोठ्यानं सांगते.
अडीचलाच खिंकाळते.

मंगळवारी गारा पडल्या
आणि नेमकं त्याच दिवशी डिलिसनं त्यांना बाहेर काढलं.
कोटाची बटणं लावताना त्यांनी पोट फुगवलं;
मी खिडकीतून पाहिलं.
अंगणाचे दगड, वॉकरचे चार पाय, त्यांचे दोन.
फाटकापर्यंत बावीस मिनिटं.

मला वाटलं, आता वाऱ्याचं ऐकावं लागणार.
त्यांनी झुलीखाली हात घातला,
खांद्याजवळ, जिथं कोरडं असतं, तिथं.
"असल्या हवेत कुणी कुणाला बाहेर काढतं का?
आत घे तिला."
तुम्हीच तर, मी म्हणाले.
"मी काय वाट्टेल ते बोलायचो."

मी खटका उघडला. फाटक मागे ओढलं, चिखलातून, खांद्यानं.
टॅन्सीनं वाट बघितली.
त्यांचा कोट हुंगला, बाही, खिसा. खिसा रिकामा.
मग वळली,
आणि चढावरून निघून गेली,
सावकाश, वैरणीकडे, त्या पाच जणांत.

"हरामखोर," एडविन म्हणाले,
आणि असे हसले की वॉकर खुळखुळला.
मग तेही जागचे हलेनात.
डिलिसचे केस भिजले, ती घड्याळ बघत राहिली,
त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही.

दोन वीसला खिंकाळली.

आज सकाळी पुन्हा दिवा लावला.
पाच डोकी.
मी दावं खांद्यावर टाकलं
आणि उंबऱ्याशी जरा वेळ
हवा हुंगली.