साडेतेहतीस

जन्मल्यावर तो रडला नाही.
नंदगड ते बेळगाव
अँब्युलन्सच काय ती रडली.

आता काचेपलीकडे, नुसत्या लंगोटावर,
गादीतून गार पाणी फिरतंय
आणि पडद्यावर साडेतेहतीस.
पायाला चिठ्ठी : बेबी ऑफ रेणुका.

वहिनीनं विणलेलं टोपडं पुढं केलं
तर हिरेमठ सिस्टर म्हणाल्या, "ब्याड. तंपु इरली."
नको. गारच असू दे.
एवढं कानडी येतं मला.

मी उद्यमबागेत, फौंड्रीत, ओतकामावर.
साचा घाईनं फोडला की बीड तडकतं,
नव्या पोरांना हे मीच शिकवतो.
पण मेंदूची धग उतरावी म्हणून
अख्खं लेकरू गारठवायचं,
हे डॉक्टरनी तीनदा सांगितलं,
तिन्ही वेळा मी मान हलवली.

बहात्तर तासांनी ऊब देणार.
तासाला अर्धा अंश. वर नाही.
हे एकदाच सांगितलं,
लगेच कळलं.

रेणुकाचा फोन, टाके ओले असताना :
"कुडकुडतोय का हो?"
"झोपलाय," म्हणालो.
कुडकुडू नये म्हणून औषध आहे, ते नाही सांगितलं.

एकोणपन्नासावा तास.
बाकड्यावर बसलोय.
टोपडं शर्टाच्या आत ठेवलंय,
छातीला लावून.