तिसरी पायरी

वकीलीण मिस प्रोथेरो, वय माझ्या स्वेटरपेक्षा कमी.
म्हणाली, मिसेस पॅरी, घर ट्रस्टमध्ये ठेवलं
की ते तुमचं राहणार नाही,
पण तुम्ही त्यात राहाल.
जसे काही ‘राहणं’ या शब्दाला
दोन अर्थ नसतातच.

मी मान हलवली. मला मायर आठवत होती.
शेजारच्या मायरचं घर केअर होमनं खाल्लं.
नाताळपर्यंत स्वयंपाकघर गेलं,
ईस्टरला पुढची खोली,
मग जिना, मग वरचं न्हाणीघर
गुलाबी फरश्यांसकट.
ऑगस्टात ती गेली तेव्हा
कोळशाची खोली तेवढी उरली होती.
ती पोरांनी वाटून घेतली, भांडून.

म्हणून मी आले होते. एकटी, दहा वाजताच्या बसनं,
डोंगरभर पाटीचा दगड ओला चमकत होता
आणि एमलिनची जुनी फाइल मांडीवर.
त्याच्या लिहिण्यात सगळे सात
एकासारखे दिसतात.
तेवीस वर्षं हप्ते भरले आम्ही.
शेवटची पावती आली त्या रात्री
त्यानं चिप्स आणल्या, आणि दाराच्या चौकटीला
हात लावून म्हणाला, आता ही आपली.
घर नाही म्हणाला. चौकट म्हणाला.

कौन्सिल विचारेल, मिस प्रोथेरो म्हणाली,
हे केव्हा केलंत, आणि का केलंत.
आजारपणाचा खर्च चुकवायला केलं असं दिसलं
तर कागद असून नसल्यासारखा.
बरं, तब्येत कशी आहे तुमची?
ठणठणीत, मी म्हटलं.
डावा हात टेबलाखाली, पर्समध्ये होता.
पर्समध्ये बँगरच्या डॉक्टरचं पत्र होतं.
दोघंही जरा थरथरत होते.

विश्वस्त कोण?
मुलं, मी म्हटलं. दोन.
गेथिन पर्थला असतो, सतरा वर्षांत चारदा आला.
फोनवर म्हणतो, मॅम, तुला हवं ते कर,
आणि मग ओळीवर समुद्र ऐकू येतो.
लावरी दर गुरुवारी येते.
कोट न काढता फ्रिज उघडते,
दुधाची तारीख बघते, चीजची बघते,
मग माझ्याकडे बघते.
तिच्या क्रेगचा भरवसा नाही असं
मिस प्रोथेरोनं फार गोड शब्दांत लिहिलं.
पन्हळ त्यानंच बसवली होती, ते कुठे लिहायचं
मला कळलं नाही.

सहीला साक्षीदार लागतील, ती म्हणाली,
नात्यातले चालत नाहीत.
म्हणजे विश्वास घरातला
आणि त्याला साक्ष बाहेरची.

मी विचारलं, जिन्याची तिसरी पायरी?
ती करकरते. एमलिन त्र्याऐंशीपासून
दुरुस्त करणार होता.
गेथिन रात्री उशिरा आला की ती चुकवून चढायचा,
आणि ज्या रात्री चुकवायला विसरायचा
त्या रात्री मला कळायचं, पोरगी भेटली आहे.
ती पायरीपण जाईल ना ट्रस्टमध्ये?
दुरुस्तीचा खर्च कलम सात, मिस प्रोथेरो म्हणाली,
आणि पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं.

घरी आले. कुणी बघत नाही असं बघून
स्वतःच्याच दाराची बेल वाजवली.
थांबले. पाहुण्यासारखी.
समोरच्या खिडकीत मिस्टर ह्यूजनं हात केला,
मी किल्ली शोधत असल्याचं नाटक केलं
आणि मग खरंच सापडेना.

आज बुधवार.
कागद ब्रेडच्या डब्याखाली आहेत, सहीविना.
सही मला उजव्या हातानं येते, घाई नाही.
डॉक्टरचं पत्र मात्र मी फ्रिजमध्ये ठेवलंय,
दुधाला टेकवून,
तारीख समोर येईल असं.