गाळा नंबर चार

दर महिन्याच्या पाच तारखेला मी भाडं घ्यायला जातो.
खात्यात टाकतो, म्हणतो तो. मीच नको म्हणतो.
भाडं हाताने घ्यावं, आणि घेताना
भिंतीला ओल आलीय का ते बघून घ्यावं.

सीवूड्स, सेक्टर बेचाळीस.
आधी झेरॉक्सवाला होता, मग केकवाला,
मग दंड फुगवायची पावडर विकणारा एक किडकिडीत पोरगा.
करारनाम्यावर ‘रामेन बार’ वाचून
माझा भाऊ म्हणाला, राम पण आणि बार पण?
सोसायटी बोंबलेल.

आता दाराला निळा पडदा, चार फाळ्यांचा.
त्यावर चिखलात उभ्या बगळ्यांसारखी अक्षरं,
मला वाचता येत नाहीत.
टेमजेनलाही येत नाहीत.

टेमजेन मोकोकचुंगचा.
पोरी त्याच्यासोबत फोटो काढतात,
कमरेत वाकून ‘अरिगातो’ म्हणतात. तोही वाकतो.
सांगत का नाहीस रे, मी विचारलं.
म्हणाला, काका, सुरुवातीला सांगायचो.
मग नागालँड कुठे आहे तेही सांगावं लागायचं.
तोवर नूडल्स फुगतात.

अकरा स्टुलं. एकाच बाजूची पंगत,
सगळ्यांची तोंडं भिंतीकडे.
कुणी कुणाला वाढत नाही, आग्रह करत नाही,
सुर्र सुर्र ओढतात नुसते.
आमच्या घरी असं ओढलं असतं
तर बापाने पाठीत घातली असती.

श्रावणात त्याचा मासा अडकला.
जपानहून यायचा, लाकडासारखा कडक,
रंध्यावर तासायचा, मग त्या छिलक्यांचं पाणी.
त्या पाण्यावर सगळा डोलारा.
किलोचा भाव ऐकून मी स्टुलावर बसलो.
म्हटलं, चल, बस मागे.

दिवाळ्याला वनाबाईसमोर टोपल्या होत्या:
जवळा, सोडे, बोंबील, वाकट्या.
गिऱ्हाईक आधी भाव विचारतं.
याने वाकटी मोडली, कानाशी नेऊन,
मग नाकाशी, मग डोळे मिटून चघळत बसला.
कुठला रं ह्यो, वनाबाई म्हणाली.
मी म्हटलं, जपानचा.

परतताना पामबीचच्या सिग्नलला
माझ्या मानेमागून बोलला,
आमच्याकडे पण वाळवतात, काका, चुलीवर टांगून.
दिल्लीत घरी शिजवलं एकदा.
घरमालक नाकाला रुमाल लावून वर आला.
रविवारपर्यंत खोली खाली करायला सांगितली.

सिग्नल सुटला. मागचा हॉर्न मारत होता.
आमच्या सोसायटीत ठराव आहे, क्रमांक नऊ:
गच्चीवर मासे वाळवू नयेत.
खाली तीन सह्या.
खजिनदाराची माझी.

आता तो सोडे आणि वाकट्या मिळून उकळतो, रात्रभर,
कोंबडीच्या हाडांबरोबर. आणखी काय घालतो, सांगत नाही.
साडेसहाशेला वाडगा.
ठराव मांडणाऱ्या निंबकरबाई परवा
दोन्ही हातांनी वाडगा धरून तळाचं पीत होत्या.
मला बघून मान हलवली.
मीही हलवली. काय बोलणार.

आज पाच तारीख.
गिऱ्हाईक यायचंय, तो मागे भांडं ढवळतोय.
मी भिंत बघतो.
शेवटच्या स्टुलामागे, फरशीपासून वीतभर वर,
खार फुटलाय, पांढरा, भुसभुशीत.
इथे आमचं खाजण होतं, बांध साधारण याच रेषेत.
साडेबारा टक्क्यांत प्लॉट मिळाला,
सिडकोने भराव टाकला, पाच फूट की सहा,
वर सिमेंट, वर टाइल, वर रंग दोनदा.

दुरुस्ती मालकाकडे, करारात लिहिलंय.
नखाने खरवडून बघतो.
सहज, कुणी बघत नाही म्हणून,
बोट जिभेला लावतो.

आतून टेमजेन पळी घेऊन येतो.
काका, जरा सांगा,
मीठ बरोबर आहे ना?