भाग दोन

वडशाच्या ऑफिसात दोनाडकर शेठनं
तारखांची वही माझ्यापुढं सरकवली.
दिवाळीनंतरचे रकाने भरलेले.
पळसगावची मंडई, कुरखेड्याचा शंकरपट,
नवरगावात एकाच रात्रीवरून दोन मंडळांचं भांडण.
वर लाल शाईत:
‘सून कुठं? विहिरीला विचारा! – भाग दोन’.
नाटक तेवढं लिहायचं राहिलंय.

मागच्या हंगामात एकशे चौदा प्रयोग.
तिसऱ्या अंकाच्या शेवटी सगुणा विहिरीत उडी घेते,
म्हणजे पुठ्ठ्याच्या काठामागं, गादीवर,
आणि भाऊराव बादलीतलं पाणी वर उडवतो.
साकोलीकडं एका म्हातारीनं
प्रयोग संपल्यावर कोरडं लुगडं आणलं होतं.
‘भिजली असंल ते. बदलून घे म्हना.’

शेठ म्हणतो, जिवंत कर तिला.
फांदीला अडकली म्हण, नाहीतर जुळी बहीण काढ.
गाणं तेच राहू दे, एक कडवं बदल.
विहीर मात्र पाहिजेच,
विहिरीचे पैसे अजून फिटले नाहीत.
पेटीवाला गेडाम म्हणतो, भूत आणा जी,
हिरवी बत्ती आहेच आपल्याकडं.

बांध्यांत धान कापून पडलंय.
मी ओसरीत वही घेऊन बसतो
आणि हात जुनाच प्रवेश पुन्हा उतरवतो,
स्वल्पविरामासकट.
मेलेलीला उठवायला एक वाक्य पुरतं.
उठून ती काय बोलेल, ते मला येत नाही.
बोलायला मी तिला दिलंच होतं थोडं.

शुक्रवारच्या बाजारात
फुटाणे तोलता तोलता फुलवंता सयाम म्हणाली,
‘तुमीच ना जी ते विहिरीवाले?
तीन डाव पायलं म्या.
येक सांगा, ते पोरगी कोनं पोसली मंग?’
कोणती पोरगी?
‘पयल्या अंकात पाळन्यात होती ना.’

होती.
कंसात लिहिली होती मी: (पाळण्यात मूल.)
टॉवेलची गुंडाळी करायचा भाऊराव,
आणि प्रवेश संपला की त्याच टॉवेलनं तोंड पुसायचा.
दुसऱ्या अंकात तिचं काम नव्हतं.
तिसऱ्यात मी विसरलो.
तालमीत रेवतानं एकदा विचारलं होतं,
‘उडीच्या आधी पाळण्याकडं बघू का?’
मी म्हटलं, नको, वेळ लांबतो.

एकशे चौदा रात्री
ती न बघता गेली.

फुलवंतानं तोलून वर एक मूठ टाकली.
तिच्या मागं एक पोर
जुन्या पेपराच्या पुड्या बांधत बसली होती.
कोणाची, ते मी विचारलं नाही.

आता रात्री लिहितो.
अंक पहिला. तीच विहीर, वर लोखंडी जाळी.
पंधरा वर्षांची एक मुलगी बोरिंगवर पाणी भरते.
विहिरीच्या बाजूनं जात नाही, लांबून वळसा घेते.
सासू म्हणते, शेजारीण म्हणते,
बाप दारू पिऊन मोठं भाषण म्हणतो,
त्याला टाळ्या पडतील.
मग मी लिहितो
पोरगी :
आणि दोन टिंबांपुढं पान तसंच राहतं.

शेठचा फोन येतो. झालं का?
म्हटलं, नाव सापडत नाही.
अरे, नाव तर छापून झालं, तो ओरडतो,
आरमोरीपर्यंत पोस्टर लागलेत!

नाटकाचं नाही, शेठ.