आठ, तीन, चार

फेस्तिनियॉग, घर क्रमांक चौदा.
एकोणीसशे अकराच्या खानेसुमारीचा कागद
माझ्या पडद्यावर उघडतो: घडीच्या रेषा,
कोपऱ्यात चहाचा असावा असा डाग.
सिडना प्यू. वय एक्कावन्न. विधवा.
अक्षर टपोरं, उजवीकडे झुकलेलं,
तोंडावर वारा घेत चालणाऱ्या माणसासारखं.

प्रश्न होता फक्त नवरा असलेल्या बायकांना:
लग्नाला वर्षं किती, मुलं झाली किती,
हयात किती, गेलेली किती.
सूचना बारीक टाइपात होती.
सिडनानं ती वाचली नसेल,
किंवा वाचली असेल, आणि म्हणाली असेल,
नवरा गेला म्हणून बाळंतपणं थोडीच गेली?
आणि लिहिलं:
झाली आठ.
हयात तीन.
गेली चार.

लंडनच्या कचेरीतल्या कुणा कारकुनानं
त्यावर तांबड्या शाईची रेघ ओढली.
एकच रेघ, पट्टी लावून, रागाशिवाय.
नियमाबाहेरचं उत्तर. बाद.
रेघेखालचं वाचता येतं,
याची त्याला फिकीर नसावी.

माझं काम आकडे भरण्याचं.
पाटीच्या दगडाची खाण
(लिहिलेलं थुंकी लावून पुसता येतं, तो दगड),
तिची धूळ, आणि धुळीच्या गावात दगावलेली मुलं.
तेरा हजार घरं, तीन वर्षांचं अनुदान.
संकेतपुस्तिका सांगते: खोडलेलं असेल तर उणे नऊ.
उणे नऊ म्हणजे माहिती नाही.
मी आधी खोडलेले आकडेच भरून पाहिले.
यंत्र अडलं.
तीन आणि चार सात होतात, बाई.
एक कुठाय?

दहा वर्षांमागच्या मोजणीत सापडला:
इदवाल, वय चौदा, खाणीत बापाच्या हाताखाली.
मग कुठेच नाही.
चॅपेलच्या दफनवहीत नाही,
इस्पितळाच्या नोंदीत नाही,
लिव्हरपूलच्या भाडोत्र्यांत नाही.
आडनावाची सात स्पेलिंगं घालून पाहिली.
आमच्याकडे अशांसाठी शब्द आहे:
पाठपुराव्यातून निसटलेला.
त्याला स्वतंत्र आकडा आहे, आणि आलेखात
रेषेवर एक छोटी उभी खूण.
इथवर दिसत होता.

सिडनाला दोनच रकाने मिळाले होते.
रविवारची रात्र, टेबलावर दिवा,
एलिन शिवण आवरते आहे, गुटो झोपला आहे,
आणि टाक दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर.
हयात लिहावं, तर सहा वर्षांत पत्र नाही.
गेला लिहावं, तर
आपल्याच हातानं?
तिनं बेरीज चुकू दिली.

असं मला वाटतं. पुरावा नाही.

"हिशेब येत नसेल तिला," इल्टिड म्हणाला, आमचा प्रमुख,
माझ्या खांद्यावरून वाकून.
"आणि तसंही खोडलेलंच आहे. पुढं चल.
चाळीस मिनिटं झाली या ओळीला."
बरोबर आहे त्याचं.
एका ओळीनं निष्कर्ष हलत नसतो.
मी उणे नऊ टाकलं. तीनदा.
खाली शेऱ्याची चौकट असते,
विश्लेषणाच्या वेळी ती कुणी उघडत नाही.
तिथं लिहिलं: आठ, तीन, चार. चूक नाही.

मग घर क्रमांक पंधरा.
नवरा-बायको दोघं हयात, प्रश्न लागू.
झाली अकरा. हयात अकरा. गेली शून्य.
तांबडी रेघ नाही. बेरीज जुळते.
यंत्रानं हिरवी खूण दिली.

मी चित्र मोठं केलं
आणि त्या शून्याकडे बघत बसले.
तिथे शाई जरा जास्तच गडद होती,
पुन्हा पुन्हा गिरवल्यासारखी.